पहिला एडिटर कोणता?

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. साताऱ्यात मी संध्याकाळी प्रोग्रॅमिंगचे वर्ग घेते, त्यामुळे ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले पालक विचारतात, "मॅडम, पोरगी बीसीएला चाललीय. लॅपटॉप कोणता घेऊ आणि त्यात सॉफ्टवेअर कोणतं टाकू?" लॅपटॉपचं उत्तर खिशावर ठरतं. सॉफ्टवेअर फुकटच मिळतं, पण ते चुकीचं निवडलं तर त्याची किंमत ती पोरगी मोजते. पहिल्या दोन महिन्यांत जी मुलं वर्गातून गळतात, ती लूप किंवा फंक्शन समजलं नाही म्हणून गळालेली मी फार थोडी पाहिलीत. बहुतेक जण त्याच्या आधीच अडकतात. फाइल कुठे सेव्ह झाली ते सापडत नाही, रन केलं की भलतंच काही दिसतं, लाल अक्षरांतली एरर वाचवत नाही. मग 'आपल्याला हे जमणारं नाही' असं पोर मनाशी ठरवून टाकतं. म्हणून पहिला एडिटर कोणता, हा प्रश्न मी किरकोळ मानत नाही.

एडिटर म्हणजे काय ते आधी पाहू. प्रोग्रॅम हा शेवटी साधा मजकूर असतो. तो टाइप करायचा, दुरुस्त करायचा आणि जपून ठेवायचा, त्यासाठीचं सॉफ्टवेअर म्हणजे एडिटर. लिहिलेलं चालवणारा गडी वेगळा: पायथॉनसाठी इंटरप्रिटर, सीसाठी कंपायलर. काही सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं एकत्र बांधून दिलेलं असतं, त्याला आयडीई म्हणतात. हा फरक पहिल्याच दिवशी पक्का व्हायला हवा. व्हीएस कोड हा एडिटर टाकला म्हणजे पायथॉन आपोआप आला, असं समजून आठवडा घालवलेली मुलं दर वर्षी भेटतात.

साधा मजकूरच लिहायचा तर वर्डमध्ये का नाही लिहायचा? हा प्रश्न रास्त आहे. वर्ड माणसांना वाचायच्या मजकुरासाठी केलेला आहे. तुम्ही सरळ अवतरणचिन्ह टाइप केलं की तो ते गोल, वळणदार करतो. ओळीचं पहिलं अक्षर स्वतःहून कॅपिटल करतो. पत्रात हे शोभतं. पायथॉनला मात्र गोल अवतरणचिन्ह कळत नाही आणि कॅपिटल पी असलेलं प्रिंट हे त्याच्या लेखी वेगळंच नाव असतं. कॉलेजच्या नोट्स बहुधा वर्डमध्येच तयार होतात. त्यातून चार ओळी कॉपी करून एडिटरमध्ये डकवल्या की 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर' अशी एरर येते. मुलगा त्या ओळीकडे टक लावून बघत बसतो, कारण त्याच्या डोळ्यांना सगळं बरोबरच दिसत असतं. माझ्या वर्गात म्हणूनच एक नियम आहे: नोट्समधलं हातानं टाइप करायचं, कॉपी करायचं नाही.

नोटपॅडचं दुखणं निराळं. तो मजकुराला हात लावत नाही, पण फाइलच्या नावामागे गुपचूप टीएक्सटी चिकटवतो. विंडोज असे शेवटचे तुकडे मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे फाइलचं नाव वरून बरोबर दिसतं आणि प्रोग्रॅम काही चालत नाही. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' या पर्यायावर खूण केली की खरं नाव दिसायला लागतं. एडिटर कोणताही घ्या, नव्या मशीनवर हे काम सगळ्यांत आधी करा.

आता टर्बो सी. यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्याकडच्या कित्येक मुलांची पहिली ओळख आजही त्या निळ्या पडद्याशी होते.

बोरलँड या अमेरिकन कंपनीनं १९८३ साली टर्बो पास्कल आणला. लिहिणं, कंपाइल करणं, चालवणं हे सगळं एकाच पडद्यावर, ते सुद्धा ४९.९५ डॉलरमध्ये. त्या काळी कंपायलरसाठी शेकडो डॉलर पडायचे आणि लिहिण्याचं साधन वेगळं असायचं, तेव्हा ही मोठीच गोष्ट होती. त्याचा कर्ता अँडर्स हाइल्सबर्ग. पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन सी शार्प आणि टाइपस्क्रिप्ट या भाषांमागेही तोच उभा राहिला. १९८७ मध्ये बोरलँडचाच टर्बो सी आला, १९९० मध्ये टर्बो सी++. ६४० केबी मेमरीच्या मशीनवर हे सॉफ्टवेअर झरझर चालायचं. ऑल्ट आणि एफ ९ दाबून कंपाइल, कंट्रोल आणि एफ ९ दाबून रन, ऑल्ट आणि एफ ५ दाबून आउटपुट. माझ्या पिढीच्या बोटांत या कळा बसलेल्या आहेत. आपल्या देशात हजारो जणांनी याच निळ्या पडद्यावर प्रोग्रॅमिंग शिकून घरं उभी केली, त्याबद्दल मला आदरच आहे.

पण ते १६ बिटच्या जमान्यातलं साधन. त्यात इंट प्रकारच्या चलात मावणारी सगळ्यांत मोठी संख्या ३२,७६७. एका विद्यार्थ्यानं घरातल्या दोन पगारांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला होता, दोन्ही पगार २०,०००. उत्तर आलं उणे २५,५३६. प्रोग्रॅममध्ये एक अक्षर चुकलेलं नव्हतं. बेरीज ४०,००० झाली, ती १६ बिटांत मावली नाही, म्हणून ६५,५३६ वजा होऊन उरलं ते छापलं गेलं. तीच फाइल मी आजच्या जीसीसी कंपायलरवर चालवली, ४०,००० आले. पोरगा म्हणाला, "मॅडम, मग मी तीन दिवस शोधत काय होतो?" त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर चौथ्या दिवशी आलाच नसता.

भाषेचंही तसंच. सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ साली आलं, टर्बो त्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे त्यात पाठ केलेली हेडर फाइलची नावं, पडदा पुसायचं क्लिअर स्क्रीन, शेवटी एक कळ दाबेपर्यंत थांबवणारं गेटच, व्हॉइड मेन, यातलं बरंचसं आजच्या कंपायलरला मान्य नाही. क्लिअर स्क्रीन आणि गेटच तर सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीत कधी नव्हतेच. मुलाखतीला गेलेली मुलगी लिनक्सच्या मशीनवर सवयीनं हे लिहिते, समोर एररची रांग लागते आणि येत असलेलंही तिला मग आठवत नाही. ६४ बिटच्या विंडोजवर टर्बो थेट चालतसुद्धा नाही. त्यासाठी डॉसबॉक्स नावाचं जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर घालावं लागतं. म्हणजे १९९० च्या आसपासचं साधन चालावं म्हणून आजच्या संगणकाला म्हातारं व्हायला लावायचं! सीच शिकायची असेल तर कोड ब्लॉक्स घ्या. त्याच्या डाउनलोड पानावर मिंगडब्ल्यू हा कंपायलर सोबत असलेली सेटअप फाइल मिळते, नेमकी तीच उतरवा. कंपायलर वेगळा शोधत बसावं लागत नाही. शिवाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी++ चे धडे मराठीतून ऐकता येतात. घरी इंग्रजीचं वातावरण नसलेल्या मुलांना मी ते आवर्जून ऐकायला लावते.

आता सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव, व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली तो जाहीर केला आणि काही वर्षांतच जगभरचे प्रोग्रॅमर त्याच्याकडे वळले. मी स्वतः दिवसभर त्यातच काम करते. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, भाषा कुठलीही असो, तिचं एक्स्टेन्शन जोडलं की झालं. (व्हिज्युअल स्टुडिओ हे वेगळं, कितीतरी जड सॉफ्टवेअर. नावं सारखी असल्यानं पालक ते उतरवतात आणि महिन्याचा डेटा संपतो.) नोकरीला लागाल तिथे बहुधा हाच समोर येईल.

तरीही पहिल्या दिवशी मी तो देत नाही. नवख्या मुलीनं तो उघडला की डावीकडे चित्रांची रांग, खाली टर्मिनल, कोपऱ्यात एकामागून एक सूचना: हे एक्स्टेन्शन घ्या, ते अपडेट करा, या फोल्डरवर विश्वास आहे का सांगा. तिला तर फक्त स्वतःचं नाव पडद्यावर छापायचं असतं. पायथॉन वेगळा टाकायचा, टाकताना पहिल्या खिडकीत तळाशी असलेल्या 'पाथ'च्या चौकटीवर खूण करायला विसरायचं नाही, विसरलं तर टर्मिनल म्हणणार पायथॉन सापडत नाही. सी असेल तर कंपायलर जोडायला आणखी जुळवाजुळव. हे सगळं शिकण्यासारखं आहे, कामाचं आहे, पण पहिल्या आठवड्यातलं नाही. पहिल्या आठवड्यात मुलीला तिचा स्वतःचा प्रोग्रॅम चाललेला दिसला पाहिजे.

त्यासाठी मी थॉनी देते. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात, पायथॉन शिकणाऱ्या नवख्यांसाठीच तो तयार झाला. पायथॉन त्याच्या पोटातच येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. वर लिहायची जागा, खाली आउटपुट, एक हिरवं बटण. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर मशीन हँग न होता चालतो, आणि आमच्याकडची निम्मी मुलं दादाचा किंवा काकाचा जुना लॅपटॉपच घेऊन येतात.

थॉनीची खरी ताकद त्याच्या डीबगरमध्ये आहे. समजा, एक ते चारची बेरीज करायची आहे. मुलीनं 'बेरीज' नावाच्या चलात शून्य ठेवलं आणि लूपमध्ये दर फेरीला त्यात पुढची संख्या मिळवली. व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची खिडकी उघडली की एका बाजूला चलांची नावं आणि किमती दिसतात. मग किड्याचं चित्र असलेलं बटण दाबायचं आणि एफ ७ दाबत एकेक पाऊल पुढे जायचं. दुसऱ्या फेरीत थॉनी आधी बेरजेची ओळ उजळतो. मग त्या ओळीतला 'बेरीज' हा शब्द उजळतो आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या शब्दाच्या जागी १ येतो. पुढच्या नावाच्या जागी २ येतो. मग १ अधिक २ या अख्ख्या तुकड्याच्या जागी ३ येतो, आणि शेजारच्या खिडकीत बेरीज १ ची ३ होते. पुढच्या फेरीत ६. मग १०.

हे मी फळ्यावर कितीदा तरी काढून दाखवलेलं आहे. फळ्यावर बाण काढून जे पंधरा मिनिटांत गळी उतरत नाही, ते इथे मुलगी स्वतः एफ ७ दाबून बघते. 'बेरीज बरोबर बेरीज अधिक आय' ही ओळ गणितात अशक्य आहे. दहावीपर्यंत समीकरणं सोडवलेल्या मुलाला ती खटकते आणि खटकायलाच हवी. उजवी बाजू आधी पूर्ण सुटते, मग उत्तर डाव्या नावात जातं, हे डोळ्यांनी पाहिलं की तो काटा निघतो. फंक्शनला हाक मारली की थॉनी वेगळी छोटी खिडकी उघडतो, त्यात त्या फंक्शनचे स्वतःचे चल दिसतात, काम संपलं की खिडकी मिटते. चल आतला कोणता, बाहेरचा कोणता, यावर मग व्याख्यान द्यावं लागत नाही.

इथे 'बेरीज' हा शब्द मी सोयीसाठी लिहिला, असं समजू नका. पायथॉन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत खरोखर देता येतात. एवढंच काय, वापरणाऱ्यानं ४५ हे मराठी आकड्यांत टाइप केलं तरी इंट त्याचं व्यवस्थित पंचेचाळीस करतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलांना मी पहिले काही प्रोग्रॅम मराठी नावांनीच लिहायला लावते. पुढे नोकरीत नावं इंग्रजीच द्यावी लागतात, तेही सांगते. पण भाषेचे राखीव शब्द कोणते आणि आपण ठेवलेली नावं कोणती, हा फरक मराठी नावांनी लख्ख दिसतो: इंग्रजी ते पायथॉनचं, मराठी ते आपलं. टर्बोच्या निळ्या पडद्यावर मराठीचं एक अक्षर उमटत नाही.

ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही, फक्त फोन आहे, त्यांनी थांबून राहू नये. अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३ हे ॲप आहे, पायथॉन त्यातच चालतो, इंटरनेट लागत नाही. फोनवर कंस आणि ओळीआधीच्या मोकळ्या जागा टाइप करताना जीव मेटाकुटीला येतो, आणि पायथॉनमध्ये त्या चार जागांनाच अर्थ असतो. ओटीजी केबलनं फोनला साधा कीबोर्ड जोडला की हा त्रास जातो. जुना कीबोर्ड कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात स्वस्तात मिळतो. माझ्याकडे एक मुलगी पहिलं सत्र पूर्ण याच जोडणीवर शिकली.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी मात्र माझा सल्ला उलटा आहे. थॉनी आणि पायथॉनसोबत येणारा आयडल, दोन्ही ज्या टीके नावाच्या साधनावर बांधलेत, त्याचं स्क्रीन रीडरशी जमत नाही. त्यांनी पहिल्या दिवसापासून व्हीएस कोड आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घ्यावा. एनव्हीडीए फुकट आहे, आणि ओळ किती जागा सोडून सुरू होते ते बोलून किंवा स्वरांच्या चढउतारानं सांगायची सोय त्याच्या सेटिंगमध्ये आहे. पायथॉनसाठी ती सुरू करून घ्याच.

सिनिअर मुलं कधीकधी म्हणतात, खरा प्रोग्रॅमर विम या एडिटरवरच काम करतो. विमचा वंश जुना आणि मानाचा आहे. बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास त्याचा पूर्वज व्हीआय लिहिला. त्याच्या टर्मिनलवर बाणांची चिन्हं एच, जे, के, एल या अक्षरांवरच होती, म्हणून आजही विममध्ये त्या कळांनी फिरतात. ब्राम मूलेनारनं १९९१ मध्ये विम आणला आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत तो सांभाळला. वापरणाऱ्यांकडे त्यानं पैसे मागितले ते युगांडातल्या मुलांच्या मदतीसाठी. सर्व्हरवर काम करायची वेळ येईल तेव्हा विम जरूर शिका. नवख्यानं एकाच वेळी भाषाही शिकायची आणि टाइप करायची नवी रीतही शिकायची, याची गरज नाही.

आता एका गोष्टीबद्दल मला मनापासून काळजी वाटते. एडिटर अलीकडे स्वतःच कोड लिहायला लागलेत. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आला आणि तेव्हापासून ही सोय सगळीकडे पसरली. तुम्ही दोन शब्द टाइप केले की पुढच्या पाच ओळी फिकट राखाडी रंगात उमटतात, टॅब दाबला की त्या तुमच्या होतात. काम करणाऱ्या माणसाचा यात वेळ वाचतो, कारण त्या पाच ओळी बरोबर आहेत का, हे त्याला वाचून कळतं. शिकणाऱ्याला ते कळत नाही. मूळ संख्या शोधायचा प्रोग्रॅम लिहायला दिला, तर ती मुलगी अर्धा तास विचार करते, वहीत आकडे मांडते, दोनदा चुकते, तिसऱ्यांदा तिला भागाकाराची अट सापडते. शिक्षण होतं ते त्या अर्ध्या तासात. राखाडी ओळी तो अर्धा तास तिच्या हातून काढून घेतात आणि तिला त्याचा पत्ताही लागत नाही. परीक्षेत कोऱ्या पानासमोर बसल्यावर मग लागतो. थॉनीत मुळात ही सोय घातलेलीच नाही. व्हीएस कोडवर आलात की सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा आणि निदान पहिलं वर्षभर बंद ठेवा.

व्हीएस कोडवर कधी यायचं? प्रोग्रॅम एका फाइलमध्ये मावेनासा झाला की, किंवा वेब पानं करायला घेतली की. तेव्हा पायथॉनचं मायक्रोसॉफ्टनं दिलेलं एक एक्स्टेन्शन पुरतं. मित्रानं सांगितली म्हणून वीस टाकू नका. एक्स्टेन्शन कोणीही लिहून ठेवू शकतं आणि ते तुमच्या मशीनवर तुमच्याच अधिकारानं चालतं, म्हणून प्रकाशकाचं नाव वाचल्याशिवाय घेऊ नका. टॅबवर नावाशेजारी पांढरा ठिपका दिसला तर फाइल सेव्ह झालेली नाही, हेही लक्षात असू द्या. टर्मिनलमधून रन केलं तर अशा वेळी जुनाच मजकूर चालतो आणि दुरुस्ती करूनही एरर जात नाही असं वाटतं. पायचार्म हा पायथॉनचा आयडीई चांगला आहे, पण लॅपटॉपला ८ जीबी रॅम नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

कॉलेजांतल्या लॅब सांभाळणाऱ्या सरांना आणि मॅडमना माझी हात जोडून विनंती आहे. अभ्यासक्रम बदलायला वेळ लागतो हे मान्य, पण बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रमात भाषेचं नाव असतं, टर्बोचं नाही. कोड ब्लॉक्स आणि थॉनी दोन्ही फुकट आहेत, लॅबच्या जुन्या मशीनवर चालतात, आणि टाकायला एक दुपार पुरते. पहिलं सत्र सुरू व्हायच्या आधी ती दुपार काढा.

आणि ज्या पालकांनी मला फोन केला नाही, त्यांनाही हेच सांगते: पायथॉन असेल तर थॉनी, सी असेल तर कोड ब्लॉक्स, तीनचार महिन्यांनी व्हीएस कोड. आज रात्री उतरवून घ्या आणि मुलीला तिचं नाव छापायला लावा.